जोंधळ्यातली भोरडी फेअर आयलला पोचते तेव्हा

भोरडी हे नाव काढलं की जोंधळा पेरणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. बेळगावच्या पूर्वेला आणि तिथून पुढं विजापूर-सोलापूरकडे, कणसात दाणा भरू लागला की गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरं हजारांच्या थव्यानं शिवारात उतरतात. मग मचाण बांधा, गोफण फिरवा, पत्र्याचे डबे वाजवा. पळसमैना असंही हिचं एक नाव आहे. मध्य आशियाच्या गवताळ पठारांवर अंडी घालायची, टोळ खाऊ घालून पिल्लं वाढवायची आणि ती उडती झाली की भारताची वाट धरायची, असा तिचा वर्षाचा हिशेब.

आता हीच भोरडी स्कॉटलंडच्या उत्तरेला, भर समुद्रातल्या एका बेटावर सप्टेंबरात एकटीच उतरली असं समजा. थवा नाही, गुलाबी रंगही नाही. मेंढ्यांच्या कुरणात भांबावून बसलेलं, यंदाच उपजलेलं मातकट पिल्लू. अर्ध्या-एक तासात बेटावरच्या प्रत्येक पक्षिनिरीक्षकाला बातमी लागते. लोक दुर्बिणी घेऊन त्या कुरणाच्या कडेला उभे राहतात आणि रात्री वहीत तिच्या नावापुढं ‘१’ असा आकडा पडतो. ज्या पाखराला आपण दगड मारून हाकलतो ते तिथं दिवसाची बातमी होतं. दुर्मीळपणा हा पाखराचा गुण नसतो, तो जागेचा असतो, हे समजून घ्यायला या बेटाइतकी चांगली जागा नाही.

बेटाचं नाव फेअर आयल. शेटलंड आणि ऑर्कनी या दोन द्वीपसमूहांच्या साधारण मधोमध, दोन्हीकडून सुमारे चाळीस किलोमीटरवर. लांबी पाच किलोमीटर, रुंदी जेमतेम अडीच. वस्ती पन्नास-साठ माणसांची. मेंढ्या, थोडी शेती, आणि जगभर नाव झालेलं नक्षीचं लोकरी विणकाम. यायला एक छोटी बोट आणि आठ-दहा माणसांचं विमान. धुकं पडलं किंवा वारा भडकला की दोन्ही बंद. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा आठवडाभर अडकला, तर तिथं कुणाला नवल वाटत नाही. वाट चुकलेल्यांची या बेटाला जुनी सवय आहे. स्पॅनिश आरमाराचं ‘एल ग्रान ग्रिफॉन’ हे जहाज १५८८ च्या सप्टेंबरात इथंच खडकावर आपटलं, आणि त्यावरची सुमारे तीनशे माणसं कित्येक आठवडे बेटकऱ्यांच्या तुटपुंज्या धान्यावर राहिली. मोसम तोच, पाखरांचा!

वाऱ्याचा खेळ

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाकडून कोट्यवधी छोटी पाखरं दक्षिणेकडं निघतात. त्यांतली बरीचशी रात्री उडतात. रात्री हवा शांत असते, ससाण्यांची भीती नसते, अंग तापत नाही आणि दिशेसाठी तारे असतात. आकाश निरभ्र आहे, वारा पाठीशी आहे असं बघून पाखरू नॉर्वेच्या किनाऱ्यावरून उठतं. इथपर्यंत सगळं सुरळीत.

पण त्याला पुढचं हवामान दिसत नाही. नॉर्थ समुद्राच्या मध्यावर ढग, पाऊस किंवा धुकं गाठलं की तारे गेले, खालची जमीनही गेली. त्यात आग्नेयेचा वारा असला तर पाखरू दक्षिणेकडं पंख मारत राहतं आणि वारा त्याला बाजूनं पश्चिमेकडं ढकलत नेतो. नदीच्या धारेत सरळ पोहणारा माणूस पलीकडच्या काठाला खाली कुठंतरी लागतो, तसंच हे. उजाडतं तेव्हा चारी बाजूंना पाणी. मागं जायला त्राण नाही आणि पुढं अटलांटिक आहे हे त्याला ठाऊक नाही. अशा वेळी क्षितिजावर हिरवा ठिपका दिसला तर ते तिथं उतरणारच. पाच किलोमीटरच्या त्या ठिपक्यावर मग एका सकाळी हजारो पाखरं असतात. काल संध्याकाळी रिकामी असलेली दगडी भिंत आज हलताना दिसते.

म्हणून फेअर आयलवर पहाटे उठलेला माणूस आधी खिडकीतून वारा बघतो. स्वच्छ ऊन आणि पश्चिमेचा वारा असेल तर पर्यटक खूश, पक्षिनिरीक्षक उदास. आग्नेयेचा वारा, भुरभुर पाऊस, हाताला झोंबणारी हवा असली की यांचे चेहरे उजळतात. पावसाळ्यात धबधबा बघायला आंबोलीला जाणाऱ्यांना ही वृत्ती परकी वाटणार नाही.

येणाऱ्यांत बहुसंख्य तिथली नेहमीचीच असतात: कस्तुराच्या जातीची पाखरं, रॉबिन, आणि गोल्डक्रेस्ट नावाचं, डोक्यावर पिवळी रेघ असलेलं एक चिमुकलं. या गोल्डक्रेस्टचं वजन पाच-सहा ग्रॅम. आपलं पाच रुपयांचं नाणं तळहातावर ठेवून बघा, साधारण तेवढं. त्यानं तीनशेहून जास्त किलोमीटरचा समुद्र रात्रीत ओलांडलेला असतो. दमलेली गोल्डक्रेस्ट माणसाच्या पायाजवळ गवतात किडे टिपत फिरतात, घाबरण्याइतकीही शक्ती त्यांच्यात उरलेली नसते.

बेटावर झाडं जवळपास नाहीतच. आपल्याकडं पाखरू शोधायचं तर आपण झाडाकडं मान वर करतो, तिथं मान खाली घालावी लागते. जंगलातलं पाखरू कोबीच्या नाहीतर सलगमच्या वाफ्यात लपतं, चर-नाल्यात शिरतं, दगडी बांधाच्या फटीत बसतं, कड्याच्या कपारीत वारा चुकवत राहतं. निरीक्षक एका ओळीत, सावकाश, पिकाच्या कडेकडेनं चालतात. शेत बेटकऱ्याचं असतं, म्हणून विचारल्याशिवाय आत पाऊल नाही, आणि उघडलेलं फाटक लावलंच पाहिजे. भालाकार ठिपक्यांचा एक वटवट्या तर उडतच नाही, उंदरासारखा गवताच्या मुळांतून पळतो. ब्रिटनमध्ये तो बघायची सगळ्यांत नामी जागा म्हणजे फेअर आयल. सैबेरियातून येऊन तो तिथं कुणाच्या बुटावरून पळून गेला तरी लक्षात येईलच असं नाही.

आपल्या कुंपणातला वटवट्या

वाऱ्यानं ढकललेली पाखरं एक वेळ समजू शकतात. पण काही अशी येतात की त्यांचं तिथं काहीच काम नसतं. भोरडी त्यांतलीच. दुसरा, आपल्या आणखी जवळचा, म्हणजे ब्लाइथचा वटवट्या.

हे पाखरू तुम्ही ऐकलेलं आहे, पाहिलेलं असेलच असं नाही. दसऱ्याच्या आसपास टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, खानापूर-जांबोटीकडच्या परसांत, गोव्यात कुठल्याही कुळागराच्या कडेला झुडपातून ‘चक्... चक्’ असा जिभेनं टाळूला मारल्यासारखा कोरडा आवाज येत राहतो. तो हाच. अंग मातकट, भुवई फिकट, बाकी नजरेत भरावं असं काही नाही. नवशिक्याला दाखवला तर तो विचारतो, ‘हे काय? याला काय बघायचं?’ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ यानं १८४९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव लागलं. फिनलंडपासून सैबेरियापर्यंत तो विणीला असतो आणि हिवाळा काढायला भारतीय उपखंडात येतो. फिनलंडमधून निघालेला पक्षी दक्षिणेला आफ्रिकेकडं न जाता आग्नेयेकडं वळतो आणि थेट आपल्या कुंपणात येतो. एवढ्या लांबचा पाहुणा दारात येऊन चार-सहा महिने राहतो आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नसतं.

फेअर आयलवर १९१० साली हा पहिल्यांदा नोंदला गेला, आणि ती ब्रिटनमधलीही पहिली नोंद होती. पुढं दशकानुदशकं तो तिथं कौतुकाचा विषय होता. नीट ओळखायचा तर पंखातल्या पिसांची लांबी, त्यांतल्या खाचा, पायाचा रंग असा एकेक तपशील बघावा लागतो, आणि त्यावर तिथं तासन्‌तास वाद चालतात. जाड चोचीचा वटवट्या हा त्याचाच नातेवाईक, हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीत असतो. ब्रिटनमधली त्याची पहिली नोंदही फेअर आयलचीच, ऑक्टोबर १९५५ ची. लिंबू-पिवळ्या डोक्याचा धोबी करमळीच्या तळ्यासारख्या पाणथळीवर थंडीत शेपटी हलवत फिरतो. त्याची ब्रिटनमधली पहिली नोंद १९५४ ची, पुन्हा याच बेटावरची.

ही पाखरं उलटीकडं का जातात? एक समजूत अशी की दिशेचं ज्ञान पिल्लाला जन्मतःच मिळतं, आणि काहींच्या बाबतीत तो काटा चुकीच्या बाजूला बसतो. आग्नेयेऐवजी वायव्येला किंवा पश्चिमेला. अनुभवी आई-बाप बरोबर नसतात, पिल्लू आपल्या काट्यावर विश्वास ठेवून उडत राहतं. शरद ऋतूत अशा बेटांवर सापडणारे भरकटे बहुतेक पहिल्या वर्षाचे असतात, ही गोष्ट या समजुतीला धरूनच आहे. पण सगळ्याच भरकट्यांना एकच कारण लावणं मला पटत नाही. वारा, ढग, काटा आणि त्या जातीची विणीची हद्द किती पश्चिमेला सरकली आहे, हे सगळं मिळून एक पाखरू बेटावर येतं. ब्लाइथचा वटवट्या गेल्या शतकात फिनलंड-एस्टोनियाकडं पसरला, तसा ब्रिटनमध्येही जास्त दिसू लागला. इतका, की २०१५ पासून तिथल्या अति-दुर्मीळ पक्ष्यांच्या यादीतून त्याला वगळण्यात आलं.

इथं एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळू नये. जे पाखरू बघून माणसं आनंदानं नाचतात, ते पाखरू बहुधा मरायला निघालेलं असतं. पुढं अटलांटिक, मागं थंडी, आणि खायला किडे कमी. त्यातही बातमी फुटल्यावर विमान भाड्यानं घेऊन येणारे शौकीन त्याच्यामागं फिरले तर उरलेली ताकद उडण्यातच जाते. दमलेल्या पाखराला उठवायचं नाही, लांबूनच बघायचं, हा शिष्टाचार तिथं पाळला जातो तो याचसाठी. आपल्याकडं फोटोसाठी पाखराच्या तोंडाशी लेन्स नेणाऱ्यांनी यातलं थोडं घ्यायला हरकत नाही.

मात्र भरकटलेलं प्रत्येक पाखरू संपतंच असंही नाही. सैबेरियाची रिचर्डची तीरचिमणी हिवाळ्यात भारताकडं आणि आग्नेय आशियाकडं जाते. काही तीरचिमण्या मात्र दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा काढताना दिसू लागल्या. फ्रान्समधल्या संशोधकांनी त्यांना कडी घातल्या, काहींच्या पाठीवर बारीक यंत्रं बसवली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसलं की या तीरचिमण्या सैबेरियाकडं परत जातात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फ्रान्सला येतात. म्हणजे चूक म्हणून सुरू झालेली वाट आता वहिवाट होऊ लागली आहे. पिवळ्या भुवईच्या वटवट्याबद्दलही अशीच शंका घेतली जाते. आग्नेय आशियात जाणारं हे पाच-सहा ग्रॅमचं पाखरू एकेकाळी ब्रिटनमध्ये नवलाचं होतं, आता दर शरदात शेकड्यांनी येतं.

बंदुकीकडून कड्याकडं

फेअर आयलचं नाव झालं ते विल्यम ईगल क्लार्क या स्कॉटिश संग्रहालयातल्या माणसामुळं. पाखरांचं स्थलांतर बघायला हा गृहस्थ १९०१ साली एडिस्टोनच्या दीपगृहात महिनाभर राहिला होता. १९०५ मध्ये तो फेअर आयलला आला आणि मग वर्षानुवर्षं येत राहिला. त्या काळी ओळख पटवायची म्हणजे गोळी घालायची, दुसरा मार्ग मानला जात नसे. ब्रिटनचा तो पहिला ब्लाइथचा वटवट्यादेखील जिवंत परत गेला नाही. क्लार्कनं बेटावरच्या शेतकऱ्यांनाच नोंदी ठेवायला शिकवलं, हे त्याचं मोठं काम.

जिवंत पकडून सोडायची युक्ती आली ती दुसऱ्या एका बेटावरून. जर्मनीजवळचं हेल्गोलँड. तिथं लोक फांद्या रोवून खोटी झुडपं उभी करत, दमलेल्या पाखरांना त्यात शिरू देत आणि जाळ्यात धरून हंडीत टाकत. हाइनरिश गेट्के हा चित्रकार १८३७ मध्ये तिथं गेला तो आयुष्यभर राहिला, आणि १८९१ साली त्यानं त्या बेटावरच्या पाखरांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. पुढं १९१० मध्ये तिथं पक्षी-संशोधन केंद्र निघालं आणि हंडीसाठी केलेला तोच सापळा शास्त्रासाठी वापरात आला. तोंड रुंद, मग तारेच्या जाळीचा हळूहळू अरुंद होत जाणारा बोगदा, शेवटी काचेची खिडकी असलेली पेटी. पाखराला उजेडाकडं जावंसं वाटतं आणि ते पेटीत येतं. बाहेर काढायचं, पायात नंबराची हलकी कडी घालायची, वजन-मापं घ्यायची, सोडायचं. सगळ्याला काही मिनिटं लागतात.

फेअर आयलवर हे सापळे बांधले जॉर्ज वॉटरस्टननं. १९४१ साली तो क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला. कैदेत असताना सोबतच्या एका कैद्याबरोबर त्यानं फेअर आयलवर पक्षी-वेधशाळा काढायचा बेत आखला. सुटल्यावर त्यानं बेटच विकत घेतलं आणि १९४८ मध्ये नौदलाच्या रिकाम्या लाकडी खोपटांत वेधशाळा सुरू केली. बेट १९५४ साली स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडं गेलं. वेधशाळेचा पहिला प्रमुख केनेथ विल्यमसन. वाऱ्यानं बाजूला ढकललं जाण्याबद्दल वर जे सांगितलं, ते त्यानं इथं वर्षानुवर्षं हवामानाचे नकाशे आणि रोजच्या नोंदी शेजारी ठेवून मांडलं. आजवर तीन लाखांहून जास्त पाखरांना इथं कडी घातली गेली आहे, आणि बेटावर नोंदलेल्या जाती ३९० च्या आसपास आहेत.

दुर्मीळ पाखरांच्या गोष्टी रंगवून सांगता येतात, पण मला विचाराल तर या वेधशाळेचं खरं काम रात्रीच्या जेवणाच्या सुमारास होतं. सगळे एकत्र बसतात. प्रमुख एकेका जातीचं नाव वाचतो आणि प्रत्येकानं आज किती पाहिली ते सांगायचं. दुर्मीळाच्या आधी साधी: कावळे किती, चिमण्या किती, समुद्रपक्षी किती. शून्य असेल तर शून्य. या कंटाळवाण्या यादीनंच पुढं सांगितलं की कड्यांवर घरटी करणारे किटिवेक जातीचे कुरव १९८० च्या दशकानंतर कसे झपाट्यानं ओसरले. एकुलत्या एका वटवट्यावरून असलं काही कळत नाही.

मार्च २०१९ मध्ये वेधशाळेची इमारत आगीत जळून गेली. माणसं वाचली. इमारत नव्यानं उभी करायला कित्येक वर्षं गेली. पण जुन्या नोंदी आधीच संगणकावर चढवून झालेल्या होत्या, म्हणून १९४८ पासूनचं धन राहिलं.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्याकडं असं बेट का नाही, असं कुणी विचारेल. बेटं आहेत. वेंगुर्ल्याच्या समुद्रातले खडक आहेत, तिथं दीपगृह आहे, सुरय आणि पाकोळीच्या जातीची स्विफ्टलेट विणीला असतात. ॲलन ह्यूम १८७५ मध्ये तिथं जाऊन आला होता, पुढं हुमायून अब्दुलालींनी त्यावर लिहिलं. पण आपल्याकडं येणारी वटवट्यांसारखी पाखरं हिमालय आणि वायव्येकडून जमिनीवरूनच येतात, त्यांना उतरायला सगळा मुलूख मोकळा आहे. एका ठिपक्यावर गर्दी करायची त्यांना गरज नाही.

आपले भरकटे येतात ते जून ते ऑगस्टमध्ये, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर. भर समुद्रातले बूबी, फ्रिगेट, तपकिरी पाठीचे सुरय वादळात थकून गोव्याच्या किंवा सिंधुदुर्गाच्या वाळूत येऊन पडतात. रापणकारांना ते सगळ्यांत आधी दिसतात. असं पाखरू दिसलं तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये. ते आजारी नसलं तरी उपाशी आणि थकलेलं असतं. कुत्री-कावळ्यांपासून आडोसा करावा, हवा खेळती राहील अशा खोक्यात अंधारात ठेवावं, चोचीत बळेच पाणी-मासे कोंबू नयेत आणि वन खात्याला फोन करावा. बूबीची चोच डोळ्याच्या दिशेनं येते, तेवढं सांभाळून.

आणि रात्रीची ती यादी आपल्याकडंही सुरू झालेली आहे, फक्त बेटावर नव्हे, फोनवर. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल हजारो हौशी निरीक्षकांनी ई-बर्डवर टाकलेल्या याद्यांवर उभा राहिला. त्या यादीला भोरडी चालते, साळुंकी चालते, कावळाही चालतो. ब्लाइथचा वटवट्या सप्टेंबरात यायला लागतो. परसातल्या झुडपातून पहिलं ‘चक्’ कधी ऐकू आलं, ती तारीख दरसाल लिहून ठेवायला वही-पेन्सिलही पुरे.